सोळावे प्रकरण

वकिलाच्या तोंडी 'प्रकरण' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. वाटणीचे प्रकरण, कुळकायद्याचे प्रकरण, न वटलेल्या चेकचे प्रकरण. चाळीस वर्षे बेळगावच्या कोर्टाच्या आवारात काढल्यावर त्यांतली बहुतेक विसरून गेलो. एक मात्र विसरता येत नाही. त्यात माझे वकीलपत्र नव्हते, समोर न्यायाधीश नव्हते, तारीख पडत नव्हती आणि तरीही ते मी हरलो. ते एका पुस्तकातले सोळावे प्रकरण होते. पुस्तक जॉन स्टुअर्ट मिलचे. सीमाभागात दोन भाषांच्या मध्ये घर बांधून राहणाऱ्या माणसाला त्यात काहीतरी घेण्यासारखे आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६८ साली मी कॉलेजात गेलो. तेव्हा बी.ए.ला 'पाश्चात्त्य राजकीय विचारांचा इतिहास' असा एक पेपर होता. प्लेटोपासून सुरू होऊन तो मिलपाशी संपायचा. सव्वादोन हजार वर्षांची ही यात्रा आमचे सर एका वर्षात घडवून आणत. सर कानडी मातृभाषेचे. वर्गात इंग्रजीतून शिकवत, व्हरांड्यात आमच्याशी मराठीत बोलत, घरी अर्थातच कानडी. त्यांच्या मराठीला एक हेल होता आणि वाक्याच्या शेवटी 'की हो' यायचे. आम्ही पोरे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होते.

प्लेटो शिकवताना ते रंगून जात, पण मन त्यांचे ॲरिस्टॉटलवर. प्लेटोच्या आदर्श राज्यात रक्षकवर्गाची मुले सर्वांची मिळून असत. कुठले मूल कुणाचे हे आईबापांना कळू नये आणि मुलाला आपले आईबाप कळू नयेत, अशी योजना. राज्य एकजीव व्हावे म्हणून. ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथात गुरूच्या या कल्पनेवरच हरकत घेतली. राज्य हे मुळात अनेकांचे असते, ते फार एकजीव करायला गेले तर ते राज्यच उरत नाही, असे त्याचे म्हणणे. दाखला त्याने संगीताचा दिला. सर तो दाखला आमच्या गावच्या भाषेत सांगत : "सगळेजण नुसता सा लावून बसले तर मैफल कशी व्हायची की हो?" मग बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांची आठवण निघे. कानडी घरातला मुलगा देवासला जाऊन राहतो आणि मराठी माणूस त्याला आपला म्हणतो! अशा वेळी तास संपल्याची घंटा कुणालाच ऐकू येत नसे.

वर्षअखेरीस मिल यायचा. १८५९ सालचा त्याचा 'ऑन लिबर्टी' हा ग्रंथ आम्ही पोथीसारखा वाचला. आगरकरांवर ज्यांचा खोल परिणाम झाला त्यांत मिल अग्रभागी होता, हे ऐकून तर तो आम्हाला घरचाच वाटू लागला. लोकशाहीत राजाचा जुलूम संपतो, पण बहुमताचा जुलूम सुरू होऊ शकतो, ही जाणीव मिलला होती. फ्रान्सचा तॉकव्हिल १८३१ साली अमेरिका पाहून आला, त्याने 'अमेरिकेतील लोकशाही' हा ग्रंथ १८३५ आणि १८४० अशा दोन भागांत लिहिला आणि बहुमताच्या जुलमाचे ते भय युरोपापुढे मांडले. मिलने त्या दोन्ही भागांची परीक्षणे लिहिली होती. साऱ्या जगाचे एक मत असले आणि एकट्या माणसाचे वेगळे असले, तरी त्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार जगाला पोहोचत नाही, हा मिलचा सिद्धान्त वयाच्या विसाव्या वर्षी ऐकला की अंगावर काटा येतो. त्यातून आम्ही इथले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातले बेळगाव त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. घरातल्या मोठ्या माणसांचे त्या दिवशीचे चेहरे मला आठवतात. मिलचे पुस्तक जणू आमच्याचसाठी लिहिले होते!

पुढे मी वकील झालो. १९८६ साली कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन झाले. तेव्हा माझे वय छत्तीस. आवाज मोठा, वाचन बरे, त्यामुळे गल्लीतल्या सभांना बोलावणी येत. एका सभेत मी मिलवर पाऊण तास बोललो. इंग्लंडच्या एवढ्या मोठ्या तत्त्वज्ञाने आमची बाजू शतकापूर्वीच मांडून ठेवली आहे, असे ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. गर्दीच्या कडेला, पानपट्टीच्या दुकानापाशी, सर उभे होते. ते मला दिसलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, संध्याकाळी घरी येऊन जा.

गेलो. चहा झाला. बाईंनी बशीत चकली ठेवली. सभेविषयी सर एक अक्षर बोलले नाहीत. कपाटातून एक जुने पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिले. 'प्रातिनिधिक सरकारविषयी विचार', साल १८६१.

"हे वाचलंस?"

"परीक्षेपुरतं, सर."

"सोळावं प्रकरण वाच. तुझा मिल आहे त्यात."

त्या रात्री वाचले. प्रकरणाचा विषय राष्ट्रीयत्व आणि प्रातिनिधिक सरकार यांचा संबंध. पहिल्या पानांवर मला वाटले, हा तर खरोखर आमचाच वकील. मिल म्हणतो, एकाच सरकारखाली वेगवेगळ्या भाषा बोलणारे, वाचणारे समाज असतील तर मुक्त संस्था चालणे जवळपास अशक्य. कारण एकाने वाचलेले वर्तमानपत्र दुसरा वाचत नाही, एकाचे पुढारी दुसऱ्याला माहीत नसतात, एकवटलेले लोकमत तयारच होत नाही. आणि मग सरकार एका समाजाला दुसऱ्याविरुद्ध वापरून दोघांवरही राज्य करते. म्हणून राज्याची सीमा आणि राष्ट्रीयत्वाची सीमा शक्यतो एकच असावी. मिल राष्ट्रांविषयी बोलतो आहे, संघराज्यातल्या भाषिक प्रांतांविषयी नव्हे, हे खरे. तरी भाषावार प्रांतरचनेच्या मागणीमागचा सांगाडा तोच आहे.

पान उलटले आणि घात झाला. मिल पुढे म्हणतो, पण लहान समाज मोठ्यात मिसळून गेला तर ते त्या लहान समाजाच्याच हिताचे. फ्रान्समधल्या ब्रेतों किंवा बास्क माणसाने आपल्या खडकांवर रुसून बसण्यापेक्षा सुसंस्कृत फ्रेंच समाजात विरघळून जावे. वेल्श माणसाने आणि स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या माणसाने इंग्रजांत मिसळावे. एकट्या माणसाच्या मतासाठी साऱ्या जगाशी भांडणारा मिल एका अख्ख्या भाषेच्या जाण्याला लाभ म्हणत होता. एकाचे तोंड बंद करणे हा गुन्हा, आणि लाखांची बोली आटून जाणे ही प्रगती! रात्रीचे दोन वाजले तरी झोप आली नाही. आदल्या दिवशीच्या टाळ्या कानात वाजत होत्या आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती.

यातले आणखी एक शल्य नंतर कळले. मिल वयाच्या सतराव्या वर्षी, १८२३ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला लागला आणि १८५८ पर्यंत, पस्तीस वर्षे तिथेच राहिला. हिंदुस्थानात पाठवायच्या खलित्यांचे मसुदे तो लिहीत असे. हिंदुस्थानात तो कधीच आला नाही. १८३५ साली मेकॉलेच्या सल्ल्यावरून बेंटिंकने सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळवला, तेव्हा पुढच्याच वर्षी मिलने त्याविरुद्ध मसुदा तयार केला. देशी विद्वानांना बाजूला सारून चालणार नाही, लोकांपर्यंत ज्ञान जायचे तर ते त्यांच्या भाषांतूनच जाईल, असा त्याचा रोख होता. बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष हॉबहाउस यांना तो पटला नाही आणि मसुदा तिथेच राहिला. म्हणजे कचेरीतल्या मिलला जे दिसले होते ते पंचवीस वर्षांनंतरच्या ग्रंथकार मिलला वेल्श माणसाच्या बाबतीत दिसले नाही. विचारवंत हाही माणूसच.

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत द्यायला गेलो तो रागातच. म्हणालो, "सर, हे तुम्ही आम्हाला शिकवलं का नाहीत?"

"अभ्यासक्रमात नव्हतं," ते शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला हसू येणं सोपं आहे. राज्य तुमचं, भाषा तुमची. अल्पसंख्य असणं म्हणजे काय ते तुम्हाला काय कळणार?"

आजही हे वाक्य आठवले की मान खाली जाते. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"मी जतचा," ते म्हणाले. "सांगली जिल्हा. माझा थोरला भाऊ अजून तिथंच आहे. त्याच्या नाती कानडी शाळेत जातात. गेल्या उन्हाळ्यात तो इथं येऊन मला तेच म्हणाला, जे तू परवा पानपट्टीसमोर म्हणालास. फक्त कानडीत."

अठरा वर्षांच्या ओळखीत सर कुठले, हे मी त्यांना कधी विचारले नव्हते. कानडी म्हणजे इथलेच, एवढे मी धरून चाललो होतो. मी उठलो, नमस्कार केला आणि बाहेर पडलो. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. राग त्यांचा नव्हता. तोंड दाखवायचे धैर्य नव्हते.

दोन वर्षांनी मीच गेलो. सरांनी जणू मधला काळ गेलाच नव्हता अशा थाटात दुसरे पुस्तक पुढे केले. लॉर्ड ॲक्टनचे निबंध. ॲक्टन म्हटले की सत्ता माणसाला बिघडवते हे त्याचे १८८७ सालच्या एका पत्रातले मत तेवढे लोकांना आठवते. त्याचा १८६२ सालचा राष्ट्रीयत्वावरचा निबंध फारसा कुणी वाचत नाही. मिलचे पुस्तक आल्यावर वर्षभरातच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ॲक्टनने त्याला उत्तर दिले. हा माणूस जन्मला नेपल्समध्ये, बाप इंग्रज सरदारघराण्यातला, आई जर्मन. कॅथॉलिक म्हणून केंब्रिजने त्याला विद्यार्थी म्हणून घेतले नाही, तेव्हा तो म्युनिकला जाऊन शिकला. त्याच केंब्रिजमध्ये १८९५ साली तो इतिहासाचा प्राध्यापक म्हणून गेला. सीमेवरच्या माणसाची नजर त्याला जन्मानेच मिळाली होती.

ॲक्टनने मिलचे गणित उलटे मांडले. ज्या राज्यात एकच राष्ट्र आहे असे धरले जाते, तिथे इतरांना एकतर दुय्यम होऊन राहावे लागते किंवा नाहीसे व्हावे लागते. उलट एका राज्यात अनेक समाज नांदत असतील तर तेच सरकारच्या बेबंद सत्तेला लगाम घालतात. अनेकांनी एकत्र नांदणे ही त्याच्या मते स्वातंत्र्याची कसोटी आणि त्याचे संरक्षणही. पुढे १८७७ साली ब्रिजनॉर्थ या गावी दिलेल्या व्याख्यानात त्याने ती कसोटी आणखी नेमकी केली : देश खरा स्वतंत्र आहे की नाही, हे तिथल्या अल्पसंख्याकांना किती निर्धास्त वाटते यावरून ओळखावे.

मी हरखून म्हणालो, "सर, हा मिलपेक्षा मोठा!"

"घाई करू नको की रे," सर म्हणाले. "याच ॲक्टनला अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेकडच्या राज्यांची बाजू बरोबर वाटत होती. गुलाम ठेवणाऱ्यांची. त्यांचा पराभव झाल्यावर यानं जनरल लीला हळहळून पत्र लिहिलं आहे, १८६६ साली. आणि याच निबंधात मागासलेल्या वंशांनी पुढारलेल्यांच्या सहवासात सुधारावं, असंही आहे. पुस्तक डोक्यावर घ्यायचं नसतं. वाचायचं असतं."

सरांचे सगळे शिक्षण त्या एका वाक्यात होते, असे मला आता वाटते.

तत्त्वज्ञान एकीकडे आणि कोर्ट दुसरीकडे, असा माझा समज होता. नव्वदच्या दशकात एका शाळेच्या कामासाठी जुने निवाडे चाळताना तो गेला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९२३ सालचा मायर विरुद्ध नेब्रास्का हा निवाडा हाती लागला. हकीकत वाचण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मनांविरुद्ध वातावरण तापले. १९१९ साली नेब्रास्का राज्याने कायदा केला की आठवी उत्तीर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन नावाच्या खेड्यात रॉबर्ट मायर हा लूथरपंथी चर्चच्या शाळेतला मास्तर. मधल्या सुट्टीत तो मुलांना जर्मनमधून बायबलच्या गोष्टी वाचायला शिकवी, कारण आईबापांची प्रार्थना जर्मनमध्ये चाले आणि मुलांना त्यांच्याबरोबर बसता यावे, एवढाच हेतू. २५ मे १९२० रोजी सरकारी वकील वर्गाकडे येताना त्याला दिसले. इंग्रजीवर यावे की जर्मनच चालू ठेवावे, याचा निर्णय त्याला क्षणात करायचा होता. इंग्रजीवर आलो तर काही होणार नाही, हे त्याला ठाऊक होते. तो जर्मनमध्येच शिकवत राहिला. त्याच्या वकिलाने, आर्थर मलनने, ही हकीकत पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. दहा वर्षांच्या एका मुलाला वाचायला शिकवले म्हणून मायरला पंचवीस डॉलर दंड झाला. मायर प्रॉटेस्टंट, तर त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयात उभा राहिलेला मलन आयरिश वंशाचा कॅथॉलिक, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट.

४ जून १९२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी मायर जिंकला. गुलामगिरी संपल्यावर, १८६८ साली अमेरिकेच्या राज्यघटनेत आलेल्या चौदाव्या दुरुस्तीतल्या 'स्वातंत्र्य' या शब्दात मास्तराचे शिकवणे आणि आईबापांचे मुलाला शिकवून घेणे, दोन्ही येते, असे न्यायालय म्हणाले. सर्वांना एक भाषा यावी ही इच्छा चांगली, पण चांगल्या हेतूसाठीही राज्यघटनेने मना केलेला मार्ग धरता येत नाही. आणि त्या निवाड्यात मला कोण भेटावे? प्लेटो! ज्या आदर्श राज्यात आईबापांना मूल ओळखता येणार नाही असे राज्य, आणि सात वर्षांच्या मुलांना बराकीत नेणारे स्पार्टा, यांचा उल्लेख करून न्यायालयाने म्हटले आहे की थोर माणसांनी असे विचार मांडले असले तरी आमच्या घटनेचा पाया वेगळा आहे. बी.ए.च्या पेपराचे पहिले प्रकरण तेवीसशे वर्षांनी एका खेडेगावातल्या मास्तराच्या दंडाच्या कामात आले होते. हा निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती मॅकरेनॉल्ड्स ज्यू सहकाऱ्यांशी अत्यंत तुसडेपणाने वागत. आणि उदारमतवादी म्हणून ज्यांचा लौकिक, ते होम्स विरुद्ध बाजूला होते. सरांचे वाक्य इथेही लागू पडते.

दुसरा निवाडा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, ६ एप्रिल १९३५ चा. अल्बानियाने १९२१ साली राष्ट्रसंघापुढे कबूल केले होते की अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवता येतील. १९३३ साली घटना बदलून त्याने सगळ्याच खाजगी शाळा बंद केल्या. ग्रीक भाषकांनी तक्रार केली तेव्हा उत्तर आले, आमच्याही खाजगी शाळा बंदच आहेत की, मग भेदभाव कुठला? युक्तिवाद वरून बिनतोड वाटतो. न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. बहुसंख्याकांची गरज सरकारी शाळा भागवतात. अल्पसंख्याकांची शाळा गेली की त्यांच्याजवळ काहीच उरत नाही. कायद्यातली समानता वेगळी आणि प्रत्यक्षातली वेगळी, दोन्ही हव्यात. आपल्या राज्यघटनेतल्या २९व्या आणि ३०व्या कलमांचे, आणि १९५६ साली घातलेल्या ३५०-क या कलमाचे, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी या तरतुदीचे मर्म मला हा निवाडा वाचून जितके कळले, तितके कुठल्याही भाषणाने कळले नव्हते.

सर १९९९ साली गेले. २००२ साली टी.एम.ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवले की अल्पसंख्य कोण, हे राज्य पाहून ठरवायचे. म्हणजे निपाणीचा मराठी माणूस कर्नाटकात अल्पसंख्य आणि जतचा कानडी माणूस महाराष्ट्रात. कायद्याने सरांच्या बैठकीतले ते संभाषण जणू कागदावर आणले. दोन वर्षांनी, २००४ साली, आणखी एक निवाडा आला. महाराष्ट्रात मराठी हा विषय शाळांतून सक्तीचा केला, त्याविरुद्ध गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा न्यायालयात गेल्या होत्या. त्या हरल्या. ज्या राज्यात राहायचे तिथली भाषा शिकावी लागेल, त्याने अल्पसंख्याकांच्या हक्काला बाध येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईहून माझ्या चुलतभावाचा फोन आला : "दादा, जिंकलो आपण!" मी 'हो' म्हटले आणि फोन ठेवला.

'आपण' म्हणजे कोण, हाच प्रश्न होता. दादरचा मराठी माणूस गुजराती मुलाला जे म्हणतो, तेच धारवाडचा माणूस माझ्या नातीला म्हणतो. एक बरोबर आणि दुसरे चूक, असे मला कोर्टात उभे राहून शपथेवर सांगता येईल का? पुष्कळ विचार केला. त्यातून जे हाती लागले ते थोडेच आहे, पण माझे आहे. राज्याची भाषा एक विषय म्हणून शिकणे हा जुलूम नव्हे. ती पोटाची आणि शेजारधर्माची गरज आहे. १९८६ साली मी त्या दोन गोष्टींत फरक केला नव्हता, ती माझी चूक. परंतु मातृभाषेतून शिकण्याची वाटच बंद होणे, लोकांना आपल्या भाषेत सरकारचा कागद न मिळणे, हा फरक पुसून टाकणेही चूकच; मग ते बेळगावात होवो की अक्कलकोटात. जो नियम मी माझ्यासाठी मागतो तो मला पलीकडच्यासाठी मागता आला पाहिजे. न आला तर ती मागणी हक्काची नाही, फक्त जोराची आहे.

हे बोललो म्हणून मित्र दुरावले. एकाने बैठकीत विचारले, "वकीलसाहेब, तुम्ही नक्की कुणाचे?" त्याचा राग मला समजतो. साठ-सत्तर वर्षे ज्याने वाट पाहिली त्याला तत्त्वज्ञान ऐकवणे हे उपाशी माणसाला पंचांग वाचून दाखवण्यासारखे आहे. सीमाप्रश्नावरचे माझे मत बदललेले नाही. लोकांचा कौल घ्यावा, असे मला अजूनही वाटते. बदलले आहे ते एवढेच की निकाल कसाही लागला तरी रेषेच्या अलीकडे कुणीतरी उरणारच आहे, आणि त्याचे काय, हा प्रश्न रेषेने सुटत नाही.

गेल्या वर्षी सरांचे घर विकले. त्यांचा मुलगा पुस्तकांची एक पिशवी घेऊन आला. म्हणाला, "अप्पांनी तुमच्या नावाची चिठ्ठी घालून ठेवली होती. राहूनच गेलं द्यायचं." त्यात तेच १८६१ चे पुस्तक होते. सोळावे प्रकरण पुन्हा काढले. ब्रेतों आणि वेल्शांच्या त्या पानाच्या आधी एक परिच्छेद आहे, जो १९८६ सालच्या त्या रात्री रागाच्या भरात माझ्या डोळ्यांखालून निसटला होता. मिल तिथे हंगेरीविषयी बोलतो. मग्यार, स्लोवाक, क्रोएट, सर्ब, रुमानियन, जर्मन, हे सगळे तिथे असे मिसळून बसले आहेत की त्यांना भूगोलाने वेगळे करताच येणार नाही. त्यांना एकच मार्ग आहे, असे मिल म्हणतो : समान हक्क आणि समान कायदे यांखाली, गरजेलाच गुण मानून, एकत्र राहायला शिकणे. आयुष्यभर ज्या प्रकरणावर मी रुसून होतो त्यातच हे वाक्य होते.

त्या परिच्छेदाच्या समासात सरांच्या बारीक अक्षरात, पेन्सिलीने, कानडी लिपीत दोन शब्द लिहिले आहेत. बेळगावच्या कोर्टात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला कानडी वाचता येतेच. एक शब्द 'बेळगावी'. त्याच्याखाली 'जत'.

नात मराठी शाळेत चौथीत आहे. तिच्या वर्गात आता मुले थोडीच. परवा दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी ती ते पुस्तक उलटसुलट करीत होती. समासातली अक्षरे बघून तिने विचारले, "आजोबा, हे इंग्लिश पुस्तकात कन्नड कुणी लिहिलंय?"

मी म्हणालो, "माझ्या सरांनी. वाचून दाखव बघू."

तिने बोट ठेवून, अक्षर लावत लावत, वाचून दाखवले.